नववी-दहावीच्या गणितात इंटरॅक्टिव्ह पॅनेल : कुठे वापरावे, कसे वापरावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुंबईच्या उपनगरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आपण नववी-दहावीला गणित शिकवता. देणगीतून वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे स्पर्शाने चालणारा मोठा संगणकीय पडदा, बसले आहे. वर्गात ५५ मुले आहेत, त्यांच्या हाती संगणक नाही आणि शाळेत मोबाइलला बंदी आहे. पॅनेल रोज वापरले जावे अशी मुख्याध्यापकांची अपेक्षा आहे, परीक्षा मात्र कागदावरच होणार आहे. अशा स्थितीत हे उपकरण नेमके कुठे आणि कसे वापरावे, आणि त्यामुळे निकाल सुधारेल का, असे आपण विचारले आहे. मुंबईतल्या माध्यमिक शाळांत गणित शिकवताना आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात काम करताना हाच प्रश्न मी अनेक सहकाऱ्यांकडून ऐकला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

निकालाविषयी आधी स्पष्ट सांगते, कारण त्यावरच पुढचे सारे अवलंबून आहे. उपकरण वर्गात आले म्हणून गणित सुधारत नाही. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने २०१५ साली पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांच्या आधारे जो अहवाल काढला, त्यात शाळांतील संगणकांवर मोठा खर्च केलेल्या देशांतही वाचन, गणित आणि विज्ञान यांत लक्षणीय सुधारणा आढळली नव्हती. याउलट दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकावरील सरावप्रणालीवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे साडेचार महिन्यांत गणितात चांगली वाढ दिसली. मात्र तेथे मुलांना शाळेनंतर रोज ४५ मिनिटे त्यांच्या प्रत्यक्ष पातळीनुसार प्रश्न दिले जात होते आणि आणखी ४५ मिनिटे लहान गटात शिक्षकाचे मार्गदर्शन होते. त्याच अभ्यासात असेही दिसले की सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांच्या आसपास गेले होते. ओईसीडीचा अहवाल आणि दिल्लीचा अभ्यास यांच्या निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. तंत्रज्ञानामुळे मुलाला स्वतः विचार करावा लागला तर त्याचा उपयोग होतो. मुलाने नुसते पाहिले तर होत नाही. पंचावन्न मुलांसमोर एकच पडदा असताना मुले नुसती पाहत बसण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, आणि माझे पुढचे सगळे म्हणणे तो धोका टाळण्याविषयी आहे.

एकाच पडद्यावर हे साधायचे असेल तर तासाचा क्रम बदलावा लागतो. आकृती हलवण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहिला पाहिजे, त्यानंतर आकृती हलवावी आणि जे दिसले त्याचे कारण मुलांनी कागदावर मांडावे. अंदाज तोंडी विचारला तर पहिल्या बाकावरची चार मुले उत्तर देतात आणि बाकीचा वर्ग त्यांच्या मागे जातो. लिहायला लावले की प्रत्येकाला काहीतरी ठरवावेच लागते. चुकलेल्या अंदाजाचे मोल विशेष आहे, कारण ज्या मुलाने ‘बदलणार नाही’ असे लिहिले आणि डोळ्यांसमोर ते बदललेले पाहिले, त्याला कारणाची गरज खरोखर वाटते. त्याने काहीच लिहिले नसेल तर पडद्यावरचा बदल ही त्याच्या दृष्टीने केवळ एक हालचाल राहते.

साधन म्हणून मी जिओजेब्रा हे गणिताच्या हलत्या आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर सुचवते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास ते सुरू केले. शालेय वापरासाठी ते विनामूल्य आहे आणि संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची आहे, कारण ऐन तासाला वायफाय गेले की वर्ग हातातून निसटतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही काही ठिकाणी जिओजेब्राच्या मदतीने आकृती काढून पाहण्याच्या सूचना आहेत. बहुतेक वर्गांत त्या वगळल्या जातात, एवढेच.

वर्तुळाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी असे मी म्हणेन, कारण फळ्यावरच्या स्थिर आकृतीची मर्यादा तेथे सर्वांत आधी जाणवते. आंतरलिखित कोनाचे प्रमेय आपण एका आकृतीवर सिद्ध करतो आणि मुले ती विशिष्ट आकृतीच पाठ करतात. परीक्षेत बिंदू थोडा सरकलेला असला की त्यांना प्रमेय ओळखू येत नाही. पॅनेलवर म केंद्र असलेले वर्तुळ घ्यावे, त्यावर अ आणि ब हे बिंदू स्थिर ठेवावेत आणि प हा बिंदू वर्तुळावर फिरता ठेवावा. केंद्राशी होणारा कोन ८०° ठेवला की विशाल कंसावर असलेल्या प पाशी ४०° चा कोन दिसतो. आता मुलांना विचारावे की प हा बिंदू कंसावर ब च्या अगदी जवळ नेला तर कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील. आकृतीत त्रिकोण निमुळता होत जातो म्हणून कोन कमी होईल, असे बरीच मुले लिहितात. पॅनेलपाशी बोलावलेल्या मुलाने बिंदू ओढला आणि ४०° ढळले नाहीत, की वर्गात खरी चर्चा सुरू होते.

त्या चर्चेत प्रमेय लगेच लिहून टाकण्याचा मोह आवरावा, कारण पुढचा प्रश्न अधिक मोलाचा आहे : प हा ब ओलांडून लघुकंसावर गेला तर काय होईल? ब वर असताना कोनच उरत नाही आणि जिओजेब्रा मापाऐवजी प्रश्नचिन्ह दाखवते. ब ओलांडताच १४०° दिसतात आणि पुन्हा स्थिर राहतात. ४० आणि १४० यांची बेरीज १८० होते हे मुलेच सांगतात. चक्रीय चौकोनाच्या संमुख कोनांचा गुणधर्म पुस्तकात पुढे वेगळे प्रमेय म्हणून येतो. येथे तो त्याच हालचालीतून समोर येतो, आणि १४० हे उरलेल्या २८०° च्या कंसाचे निम्मे आहे हे लक्षात आले की दोन्ही प्रमेये एकच गोष्ट सांगत असल्याचे मुलांना कळते. केंद्रीय कोन १८०° केला की अर्धवर्तुळातील काटकोनही यातच मिळतो. एका तासात एवढे झाले तर तो तास सार्थकी लागला असे मी मानते.

येथे एक तांत्रिक सूचना आवश्यक आहे. जिओजेब्रात तीन बिंदू निवडून कोन काढला की तो घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने मोजला जातो, त्यामुळे बिंदूंचा क्रम उलटा निवडल्यास ४०° ऐवजी ३२०° दिसतात आणि वर्ग भलत्याच शंकेत अडकतो. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन माप ०° ते १८०° या मर्यादेत ठेवावे आणि बिंदू दोन्ही कंसांवर फिरवून आदल्या दिवशीच तपासून घ्यावे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दाखवतानाही अशीच अडचण येते. कोन ३३.४°, ७३.४° आणि ७३.२° असतील आणि मापे पूर्णांकात दाखवली असतील, तर पडद्यावर ३३, ७३ आणि ७३ दिसतात आणि त्यांची बेरीज १७९ भरते. एखादा दक्ष मुलगा ते दाखवून देतोच. त्याला गप्प करू नये. पडद्यावरचे माप हे निकटन, म्हणजे जवळची किंमत, असते आणि अगणित त्रिकोण तपासले तरी सिद्धता होत नाही, हे सांगण्याची इतकी चांगली संधी पुन्हा येत नाही. आकृती हलवून मिळते ती खात्री; पक्ष, साध्य आणि सिद्धता लिहूनच प्रमेय होते. मंडळाच्या परीक्षेत गुण त्या लेखनाला आहेत, म्हणून हलत्या आकृतीनंतर तासाचा उरलेला भाग वहीतल्या सिद्धतेसाठी राखून ठेवावा. माझ्या अनुभवात पॅनेलवरचे काम दहा-बारा मिनिटांपलीकडे गेले की सिद्धतेला वेळ उरत नाही.

बीजगणितात एकसामयिक समीकरणे हा माझ्या मते सर्वांत समृद्ध विषय आहे. क्रेमरची पद्धत, म्हणजे निश्चयकांच्या भागाकाराने उकल काढणे, मुले यांत्रिकपणे करतात आणि निश्चयकाची (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांतील फरकाची) किंमत शून्य आली की गोंधळतात, कारण त्या शून्याचे चित्र त्यांच्या मनात नसते. २क्ष + ३य = १२ ही रेषा स्थिर ठेवावी आणि ४क्ष + तय = १० या दुसऱ्या रेषेतील त साठी स्लायडर (किंमत सरकवून बदलण्याची पट्टी) घ्यावा. त ची किंमत ४ असताना छेदनबिंदू (−४.५, ७) आहे, ५ केली की तो (−१५, १४) वर जातो, ५.९ केली की तो (−२०४, १४०) इतका दूर गेलेला असतो आणि पडद्यावर दिसतच नाही. आता ६ वर काय होईल, हे वहीत लिहायला सांगावे. ६ वर रेषा समांतर होतात. ७ केल्यावर छेदनबिंदू (२७, −१४) येथे, म्हणजे विरुद्ध बाजूने परत आलेला असतो, आणि हे मुलांना अनपेक्षित असते. मग निश्चयक काढायला सांगावा : तो २त − १२ येतो आणि त = ६ असताना शून्य होतो. छेदनबिंदूचा य निर्देशक १४ भागिले (६ − त) आहे हे मुलांकडूनच काढून घेतले, तर बिंदू दूर का पळतो आणि उलट बाजूने का परततो, दोन्हींचे उत्तर त्या एका अपूर्णांकात आहे. ज्या वर्गाने हे पाहिले आहे, त्या वर्गाला ‘निश्चयक शून्य असल्यास एकमेव उकल नसते’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही.

निर्देशक भूमितीत चढ शिकवताना मुंबईतलेच उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. रिक्षाचे हेच आकडे २६ रुपये आणि १७.१४ रुपये आहेत. अंतर आणि भाडे यांचा आलेख कसा दिसेल, हे आधी वहीत काढायला सांगावे. आरंभबिंदूतून निघणारी एकच सरळ रेषा बरीच मुले काढतात. प्रत्यक्ष आलेख दीड किलोमीटरपर्यंत आडवा आहे आणि नंतर चढतो. मग विचारावे की तिरपा भाग मागे वाढवला तर तो य-अक्षाला कुठे छेदेल. टॅक्सीसाठी २०.६६ गुणिले १.५ म्हणजे ३०.९९, म्हणून ती रेषा आरंभबिंदूपासून एका पैशावरून जाते. रिक्षाची २९ पैशांवरून जाते. किमान भाडे म्हणजे दीड किलोमीटरचे भाडे रुपयांत पूर्ण करून घेतलेले आहे, हे मुलांना आलेखातून कळते, आणि चढ म्हणजे दर किलोमीटरचा दर हेही. ज्यांचे वडील रिक्षा चालवतात अशी मुले आपल्या वर्गांत असतात, आणि या तासाला त्यांचे म्हणणे वर्ग लक्ष देऊन ऐकतो. फक्त दोन्ही अक्षांवरचे प्रमाण या उदाहरणात वेगवेगळे घ्यावे लागते, आणि प्रमाण बदलले की तीच रेषा अधिक तिरपी किंवा अधिक सपाट दिसते. चढ डोळ्यांनी ठरवू नये, आकड्यांनी ठरवावा, हे तेथेच दाखवून द्यावे. लंब रेषा दाखवताना मात्र प्रमाण समानच हवे, नाहीतर चढांचा गुणाकार −१ असलेल्या रेषा पडद्यावर लंब दिसणार नाहीत.

चौकोनाच्या प्रकरणासाठी एकच कृती सुचवते. नुसत्या नजरेने जुळवलेला चौरस आणि लंब रेषा व वर्तुळे वापरून रचलेला चौरस असे दोन शेजारी ठेवावेत आणि दोन्हींचा एकेक शिरोबिंदू ओढावा. पहिला मोडतो, दुसरा लहानमोठा होतो पण चौरसच राहतो. चौरस ‘दिसणे’ आणि व्याख्येनुसार चौरस ‘असणे’ यांतला फरक मुलांना शब्दांत समजावणे कठीण असते. येथे तो हाताला जाणवतो.

आता जेथे पॅनेल वापरू नये असे मला ठामपणे वाटते, त्याविषयी. शंकूचे घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश असते, हे समान तळ व उंचीच्या पुठ्ठ्याच्या भांड्यांत तांदूळ किंवा वाळू ओतून दाखवावे. तेच दृश्य पडद्यावर दाखवले तर मुलांनी केवळ चित्रकारावर विश्वास ठेवायचा असतो. भौमितिक रचना कंपासनेच शिकवाव्यात, कारण परीक्षा हाताच्या कौशल्याची आहे. सॉफ्टवेअरची टप्प्याटप्प्याने पुन्हा दिसणारी रचना उजळणीला उपयोगी पडते, त्यापुढे नाही. अवयव पाडणे आणि वर्गसमीकरणे सोडवणे यांसाठी खडू-फळा पुरेसा आहे, कारण शिक्षकाचा हात थांबत थांबत लिहितो तेव्हा मुलांना विचार करायला वेळ मिळतो. म्हणून ‘रोज वापर’ या अपेक्षेविषयी मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलावे, अशी माझी आपणांस विनंती आहे. आठवड्यातून एक-दोन तास, पण आधी आखलेले, असे त्यांना सांगावे आणि शक्य झाल्यास असा एक तास प्रत्यक्ष पाहायला बोलवावे. पाठ्यपुस्तकाची पाने पॅनेलवर मोठी करून वाचल्याने वापराची नोंद पूर्ण होते, पण गणित पुढे सरकत नाही.

पंचावन्न मुलांचे अंदाज एकदम पाहायचे असतील तर प्लिकर्सची छापील कार्डे उपयोगी पडतात. प्रत्येक मुलाकडे वेगळ्या आकृतीचे कागदी कार्ड असते, ते चारपैकी ज्या बाजूने वर धरावे तो पर्याय निवडला जातो, आणि शिक्षकाच्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की उत्तरे नोंदली जातात. नेहमीच्या संचात ४० कार्डे असतात, आपल्या वर्गाला ६३ कार्डांचा मोठा संच छापून घ्यावा लागेल. मुलांच्या हाती मोबाइल येत नाही, त्यामुळे शाळेचा नियमही मोडत नाही. कोणाचे उत्तर काय हे शेजाऱ्याला सहज वाचता येत नसल्याने संकोची मुलेही खरे उत्तर देतात, हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो.

घरच्या अभ्यासासाठी तंत्रज्ञानावर विसंबू नये. आपल्याकडील अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो सकाळी आई किंवा वडिलांबरोबर कामावर जातो. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरील साहित्य जरूर सांगावे, पण त्यावर आधारित गृहपाठ सक्तीचा केला तर ज्याच्याकडे फोन नाही ते मूल आणखी मागे पडते. ज्या मुलांचे अपूर्णांक आणि ऋण संख्याच कच्च्या आहेत, त्यांना हलत्या आकृतींनी फारसे मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्यांच्यासाठी पातळीनुसार सरावच हवा. शाळेत संगणककक्ष असेल तर आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर अशा मुलांचा छोटा गट तेथे बसवावा आणि शिक्षकाने त्यांच्याजवळ बसावे. दिल्लीच्या अभ्यासातही यंत्राबरोबर शिक्षक होताच.

परीक्षेशी जोड घालण्याचा मार्ग सोपा आहे. दहावीला भाग १ आणि भाग २ च्या प्रत्येकी ४० गुणांच्या लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहे. पॅनेलवर तास झाला की दुसऱ्या दिवशी त्यावरचा एक प्रश्न कागदावर द्यावा, ज्यात आकृती स्थिर आहे पण प्रश्न हालचालीचा आहे. उदाहरणार्थ, ‘या आकृतीत बिंदू प लघुकंसावर नेल्यास कोनाचे माप किती होईल? कारण लिहा.’ केवळ माप लिहिणाऱ्यास अर्धेच गुण द्यावेत. या उत्तरांवरून तास उपयोगी पडला की नाही, हे निकालाची वाट न पाहता आपल्याला आठवड्याभरातच कळेल, आणि पुढचा तास कुठे घ्यायचा हेही.

स्वतः शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील जिओजेब्राचे पाठ चांगले आहेत; ते लहान आहेत आणि सोबत करत करत शिकता येतात. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र गणित व विज्ञान शिक्षणावर १९७४ पासून काम करत आहे आणि त्यांच्या शिक्षकांसाठीच्या उपक्रमांवर लक्ष ठेवावे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासह राबवलेल्या क्लिक्स उपक्रमात भौमितिक विचार आणि प्रमाण यांवरचे तयार घटक आहेत. नववीच्या वर्गाला त्यांतील प्रमाणाचा घटक विशेष उपयोगी पडेल.

यंदा आपण एवढेच करावे असे सुचवते : वर्तुळ, एकसामयिक समीकरणे आणि चढ या तीन विषयांवर प्रत्येकी एक तास आखावा, आकृत्या घरी तयार करून पेन ड्राइव्हवर ठेवाव्यात आणि तासाला आपल्या हाताऐवजी मुलांच्या हाताने बिंदू हलवावेत. खिडकीतून येणाऱ्या उजेडाने मागच्या बाकांवरून पॅनेल दिसेनासे होते, म्हणून पहिल्या तासाआधी शेवटच्या बाकावर स्वतः बसून अक्षरांचा आणि रेषांचा आकार तपासावा; जिओजेब्रात अक्षराचा आकार आणि रेषेची जाडी दोन्ही वाढवता येतात.